गोजामावशींच्या चारशे बारा चुका

माझं कामच मुळी अविश्वासाचं आहे. लोक वेबसाइटवर जे काही भरतात ते खरं मानायचं नाही, याचा मला पगार मिळतो. वयाच्या रकान्यात कोणी एकशे नव्वद भरतं, मोबाइल नंबरात कोणी अकरा आकडे घालतं. एका महाभागाने तर घरातल्या माणसांची संख्या साडेतीन लिहिली होती. धाकटी अजून लहान आहे, असं त्याने मला फोनवर समजावूनही सांगितलं. अशांना दारातच अडवायचं, आत येऊ द्यायचं नाही, हे माझं काम, आणि ते माझ्या स्वभावाला मानवतं. आमच्या घरचे म्हणतात, हिचं नाव मैत्री ठेवण्यात आपली जरा घाईच झाली.

आमचं ऑफिस कासारवाडी स्टेशनजवळ, एका टायरच्या दुकानाच्या वर आहे. आम्ही सहा जण. गेल्या डिसेंबरात साहेबांनी पहिल्यांदाच एक अख्खं काम माझ्या एकटीच्या अंगावर टाकलं. चाकणमधल्या एका कारखान्याला तपासणीचं ॲप हवं होतं. या कारखान्यात बुश बनतात. बुश म्हणजे आरपार भोक असलेली लोखंडी नळकांडी. भोक पंचवीस मिलिमीटरचं हवं, दहा मायक्रॉन इकडेतिकडे चालतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तुमच्याआमच्या डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. दर अर्ध्या तासाला एक नग उचलायचा, भोक मोजायचं आणि कागदावर लिहायचं, अशी तिथली वर्षानुवर्षांची रीत. तो कागद बंद करून तिथे टॅबलेट आणायचा होता.

क्वालिटी मॅनेजर नवनाथ सरांच्या एसी केबिनमध्ये बसून आम्ही दोन तासांत सगळं ठरवलं. मशीनवर मी एकदाच गेले, तेही टॅबलेटचा स्टँड कुठे ठोकायचा ते दाखवायला. तपासणीच्या टेबलावर भिंतीला एक जुनी रंगवलेली पाटी होती, "काट्यावर दिसेल तेच लिहा". तिच्या बरोबर खाली जागा रिकामी दिसली. मी म्हटलं, इथे ठोका.

आकडा भरायची चौकट मात्र मी फार मन लावून बनवली. २४.९९० च्या खाली काही घ्यायचं नाही, २५.०१० च्या वर काही घ्यायचं नाही. वेडंवाकडं काही भरलं की चौकट लाल होणार, खाली "कृपया योग्य संख्या भरा" असं येणार, आणि चौकट डावीउजवीकडे हलून चक्क नकाराची मान हलवणार. त्या मान हलवण्यावर मी दीड दिवस घालवला होता. शिवाय, कोणी मागितला नव्हता तरी, मी एक रिपोर्ट जोडला, "सर्वाधिक चुका करणारे". कोणाची नोंद किती वेळा नाकारली गेली ते नावासकट. नवनाथ सर त्या रिपोर्टवर इतके खूश झाले की त्यांनी मला आग्रह करकरून कॅन्टीनमधला शिरा खायला घातला.

ॲप सुरू झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, पहिल्या शिफ्टच्या एक मावशी आहेत, गोजाबाई. त्या म्हणतात, स्क्रीनवरचा खाना त्यांचा आकडा घेत नाही."

"बाकीच्यांचं घेतोय ना, सर?"

"बाकीच्यांचं घेतोय."

"मग तो ट्रेनिंगचा प्रश्न आहे," मी म्हटलं. हे वाक्य आमच्या धंद्यात फार कामाचं आहे. त्याचा अर्थ, चूक तुमची आहे पण मी तसं म्हणणार नाही.

महिना गेला. शनिवारी दुपारी पुन्हा नवनाथ सरांचा फोन. या वेळी आवाजात नुसता उत्साह. आलेख एकदम सरळ आहे, पंचवीस म्हणजे पंचवीस, मालक खूश आहेत, दुसऱ्या प्लांटलाही हेच ॲप लावायचं म्हणतात.

"आणि तुमच्या त्या रिपोर्टमुळे एक निर्णय फार सोपा झाला बघा," ते म्हणाले. "गोजाबाईंच्या चुका चारशे बारा. त्यांच्या खालच्या माणसाच्या तीन. मंगळवारपासून त्यांना पॅकिंगला टाकतोय. एकोणीस वर्षं तपासणीच्या स्टुलावर बसल्यात, वाईट वाटतं. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. पण डेटा बोलतो ना, मॅडम."

मी "हो, सर" म्हटलं. खरं सांगायचं तर आधी मला बरंच वाटलं. आपण जोडलेला रिपोर्ट कोणीतरी वाचतं, याचं सुख आमच्या नशिबी फारसं नसतं. एकोणीस वर्षं आणि दोन वर्षं हे आकडे मात्र बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर आले आणि पिंपरीला उतरेपर्यंत गेले नाहीत.

रविवारी सकाळी पप्पा विहारातून आले आणि आम्ही पोहे खायला बसलो. माझे पप्पा ज्ञानदेव, छत्तीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेले. टीव्हीवरच्या बातम्यांपासून भाजीवाल्याच्या तराजूपर्यंत सगळं त्यांना एक-दोन मायक्रॉन चुकलेलं वाटतं. कौतुक करून घ्यायला मी त्यांना मोबाइलवर तो सरळसोट आलेख दाखवला.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे काय आहे?"

"मशीनचा महिन्याचा रेकॉर्ड. एकदासुद्धा पंचवीस सोडलेलं नाही."

"मग ही मशीन नाही," पप्पा म्हणाले. "मशीन असती तर भोक कापणारं टूल झिजलं असतं. टूल झिजलं की भोक बारीक होत जातं, मग टूल बदलायचं, मग परत पहिल्यापासून. छत्तीस वर्षांत मी एक दिवस असा सरळ गेलेला बघितला नाही. कोणीतरी घरी बसून लिहिलंय हे."

मला राग आला. माझा राग पटकन येतो आणि बराच वेळ बसून राहतो. मी म्हटलं, पप्पा, लोक बरोबर भरतात. एकच बाई चुका करते, तिच्या चारशे बारा आहेत.

"काय भरते ती?"

"चुकीचं भरते."

"ते कळलं. पण काय?"

नाकारलेली प्रत्येक नोंद माझ्या कोडमध्ये तारीख-वेळेसकट साठवलेली होती, पण ती उघडून बघावी असं मला महिनाभरात एकदाही वाटलं नव्हतं. केरात टाकलेलं कोण बघतं? पण पप्पांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. मी लॅपटॉप आणला आणि यादी उघडली.

वजा एक. वजा एक. वजा दोन. वजा दोन. वजा तीन. असं हळूहळू वजा सातपर्यंत, आणि मग अचानक शून्य. पुन्हा वजा एक, वजा एक, वजा दोन. पानामागून पान तेच. पप्पा पोह्यांची बशी बाजूला ठेवून माझ्या खांद्यावरून बघत होते.

"ही बघ मशीन," ते म्हणाले. "इथे टूल बदललं. इथे परत बदललं. रोज सोळा नोंदी, दिवस किती भरले?"

"सव्वीस."

"चारशे सोळा व्हायला पाहिजेत. चार कुठे गेल्या?" मग त्यांनाच काहीतरी सुचलं आणि ते खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे ही बाई महिनाभर दर अर्ध्या तासाला मोजायची, तुझ्याकडे यायची, तू नाही म्हणायचीस. ती परत जाऊन मोजायची."

त्यानंतर मला पोहे गेले नाहीत. मी नवनाथ सरांना फोन लावला, ते कुठल्याशा लग्नात होते. मागे सनई वाजत होती. उद्या बोलू, मॅडम, म्हणाले.

सोमवारी स्कूटर काढून मी मोशीमार्गे चाकणला निघाले. मोशीच्या चौकात ट्रकमागे अडकले तेव्हा एका रिक्षावाल्याशी भांडले, त्याची काही चूक नसताना. कारखान्यात पोचायला अडीच वाजले.

गोजामावशी आपल्या स्टुलावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, अंगाने बारीक, निळ्या ॲप्रनखाली नऊवारी. टेबलावर एक कापडी पिशवी उघडी होती आणि त्या तिच्यात एकेक वस्तू भरत होत्या. चष्म्याचं घर, तेलाचा फडका, चहाचा स्टीलचा कप. पॅकिंगला बदली झाल्याचा कागद सकाळीच नोटीस बोर्डावर लागला होता.

मी नाव सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तूच का ती? मान हलवणारी?"

"मीच."

"माझ्या सासूनं जन्मात मला जेवढं न्हाई म्हणलं न्हाई, तेवढं तुझ्या ह्या काचेच्या पाटीनं एका महिन्यात म्हणलं बघ."

मी दुसरं स्टूल ओढून बसले. विचारलं, मावशी, बाकीचे पंचवीस भरतात, तुम्ही वजा सहा, वजा सात का भरता?

त्या कामालाच लागल्या. तेलाचा फडका पिशवीतून परत बाहेर आला. त्यांनी एक चकचकीत पोलादी कडं घेतलं, पुसलं, मोजायचं गेज त्यात घातलं आणि डायलवरचा काटा शून्यावर आणला. मग मशीनवरून नुकताच निघालेला बुश घेऊन त्यात गेज घातलं. काटा थरथरून शून्याच्या खाली जाऊन थांबला.

"ही रिंग पंचवीसची. तिच्यावर काटा शून्य केला. आता ह्यो नग. किती?"

"चार खाली."

"मग? ह्या डायलवर पंचवीस कुठं लिवलंय का? दाव मला."

नव्हतं. डायलवर शून्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या रेघा होत्या, एक रेघ म्हणजे एक मायक्रॉन. तिथे पंचवीस हा आकडाच कोणी बघत नव्हतं. काटा किती खाली, किती वर, एवढंच सगळे बघायचे, आणि कागदावर तेवढंच लिहायचे. मला हे कोणी सांगितलं नाही, असं मी म्हणणार होते, पण मी विचारलं तरी कुठे होतं?

"पंचवीसातून चार वजा करून २४.९९६ लिहिता आलं असतं," मी तरीही म्हटलं. हट्ट सहजी सुटत नाही.

"मागं आमी तसं बी केलं. एका बाबानं आठाच्या जागी ऐंशी वजा केलं. अख्खा चांगला माल भंगारात गेला. तवा मोठ्या सायबांनी ती पाटी लावली." त्यांनी बोट वर केलं.

मी मान वर करून पाहिलं. काट्यावर दिसेल तेच लिहा. आणि तिच्या खाली, मीच दाखवलेल्या जागी, माझा टॅबलेट.

"पण मावशी, नाकारतंय हे माहीत असूनही महिनाभर तुम्ही रोज भरत का राहिलात?"

"माझं काम लिवायचं," त्या म्हणाल्या. "घ्यायचं का न्हाई, ते तुझ्या पाटीचं काम. तिनं तिचं नीट केलं न्हाई म्हणून मी माझं सोडू व्हय?"

मी पप्पांचा प्रश्न पुढे केला, "चार नोंदी कमी आहेत."

"सतरा तारखेला दोन तास लाईट न्हवती," त्यांनी लगेच सांगितलं.

तीन वाजता शिफ्ट बदलली. दुसऱ्या शिफ्टचा किसन हेल्मेट काखेत मारून आला, त्याच्या मागोमाग नवनाथ सर आले. माझ्याकडे पाहून हसले, गोजामावशींच्या पिशवीकडे पाहून जरा कमी हसले.

"मॅडम, तुमच्या भावना समजतात मला," ते म्हणाले, "पण डेटा..."

"डेटाच आणलाय," मी म्हटलं आणि मावशींच्या नाकारलेल्या नोंदींचा आलेख त्यांच्यासमोर धरला. खाली उतरत जाणारी रेघ, मग एकदम वर, मग पुन्हा उतार. सर मूळचे मशीनवरचेच, केबिनमध्ये नंतर गेलेले. तो आकार त्यांनी ओळखला. पण ओळखणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं.

"दुसऱ्या शिफ्टला तर पंचवीसच येतंय की. त्याच मशीनवर."

"मग मोजू या," मी म्हटलं. "शनिवारी दुसऱ्या शिफ्टला भरलेली पेटी कुठे आहे?"

पेटी दारापाशीच होती. संध्याकाळी पाच वाजता गाडीत चढणार होती. सरांनी स्वतः तिच्यातले पाच बुश काढून टेबलावर मांडले. किसन हेल्मेटची पट्टी लावू लागला, काढू लागला, पुन्हा लावू लागला. पहिल्या शिफ्टचे लोक घरी जायचं सोडून भोवती जमले.

मावशींनी पुन्हा रिंग पुसली, पुन्हा काटा शून्यावर आणला. घाई म्हणून ती पायरी गाळली नाही.

"नऊ खाली," त्यांनी पहिला नग ठेवला. "नऊ. दहा." चौथा नग त्यांनी दोनदा मोजला. "अकरा. आन ह्यो बारा. मी शनिवारी जाताना सांगितलं हुतं किसनला, काटा आठ खाली गेलाय, टूल बदल म्हणून."

दहाच्या खालचा माल म्हणजे भंगार. नवनाथ सर किसनकडे वळले. किसनने आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याला एकदम कंठ फुटला.

"सर, आधी मी पण मोजून खरंच टाकत होतो. खरं टाकलं की लाल, मान हलवतंय, आणि वर रिपोर्टमध्ये आपलं नाव. एकदा सहज पंचवीस टाकलं तर हिरवं. मग सगळ्यांना सांगितलं, पंचवीस टाका. आणि राव, पंचवीसच टाकायचं तर मोजायचं कशाला?"

कोणी हसलं नाही. मला तर आयुष्यात इतकी लाज क्वचितच वाटली असेल. कारण त्या क्षणी मला त्याहून मोठी गोष्ट दिसली. मी चौकटीला घातलेल्या मर्यादा या चांगल्या मालाच्या मर्यादा होत्या. म्हणजे काट्याचं सोडा, कोणी व्यवस्थित वजाबाकी करून २४.९८८ भरलं असतं, तरी माझ्या चौकटीने मान हलवली असती. तपासणीचं ॲप मी बनवलं होतं आणि त्यात खराब माल नोंदवायला जागाच ठेवली नव्हती. खराब नग ही माझ्या लेखी भरणाऱ्याची चूक होती.

"मग आता यात चूक कोणाची धरायची?" नवनाथ सर हताश होऊन म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना रिपोर्टमध्ये एक नाव हवंच असतं.

"माझी," मी म्हटलं. तिथे वीसेक माणसं होती आणि मशीन नेमकी तेव्हाच बंद केलेली, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "चारशे बाराच्या चारशे बारा माझ्या. मावशींची एकही नाही. या महिन्यातल्या या मशीनच्या खऱ्या नोंदी तेवढ्याच आहेत, सर, त्या जपून ठेवा."

सरांनी गाडी थांबवायला फोन केला, किसनला टूल बदलायला पाठवलं आणि नोटीस बोर्डापाशी जाऊन तो कागद स्वतःच्या हाताने काढला. घडी घालून खिशात ठेवला. परत येताना मावशींचा स्टीलचा कप पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. दिलगिरी व्यक्त करायची त्यांची ती पद्धत असावी.

आमचे साहेब माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत आणि दुसऱ्या प्लांटचं काम महिनाभर लांबलं. मी ते दोन दिवस मावशींच्या शेजारच्या स्टुलावर बसून काढले. नवीन चौकट तिथेच बनली. ती आता साइज विचारत नाही, "काटा कुठे आहे?" असं विचारते. वजा घेते, शून्य घेते. दहाच्या बाहेर गेलं तर नोंद घेते आणि सरांच्या फोनवर कळवते. शंभराच्या बाहेर गेलं तर बोट चुकलं असेल म्हणून "नक्की का?" असं एकदा विचारते, आणि तेही मान न हलवता.

पुढच्या सोमवारी मावशींनी पहिली नोंद भरली. वजा तीन. चौकट हिरवी झाली. मावशी टॅबलेटकडे रोखून बघत राहिल्या, अजून मान कशी हलवत नाही म्हणून.

"घेतलं?"

"घेतलं."

"इतक्या लगीच?" त्यांना ते काही फारसं खरं वाटलं नाही. त्यांनी चष्मा लावला आणि स्क्रीनवर बोट फिरवत पुढची पानं बघायला सुरुवात केली. अविश्वास दाखवण्यात त्या माझ्या वरचढ होत्या.

शेवटच्या पानावर तो रिपोर्ट होता. नवनाथ सरांनी काहीही झालं तरी तो काढू दिला नव्हता, मालकांना आवडतो म्हणून. मग मी त्यातली नोंद तेवढी दुरुस्त करून ठेवली होती. मावशींनी अक्षर अक्षर लावून वाचलं. सर्वाधिक चुका करणारे, पहिला क्रमांक, मैत्री, चारशे बारा.

त्यांनी चष्मा काढला, काचा ॲप्रनला पुसल्या आणि काळजीने माझ्याकडे पाहिलं.

"मग आता तुला पाठवत्यात का काय प्याकिंगला?"